आपल्या गांवची बखर

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतून आला होता. भेटीस येतांना त्यानें माझ्यासाठीं एक पातळसें पुस्तक आणलें. तो राहतो त्या शहरापासून दोन तासांच्या वाटेवरील एका खेड्याचा तो इतिहास होता. खेडें म्हणजे केवढें? एक प्रार्थनामंदिर, एक दुकान, टपालकचेरी आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस मिळून साठसत्तर घरें. परंतु पहिलें कुटुंब कोणत्या वर्षीं आलें, गिरणी कोणीं घातली, कोणत्या दहा वर्षांत वस्ती वाढली, कोणत्या दहा वर्षांत ओसरली आणि कां ओसरली, हें सर्व नांवनिशीवार त्यांत दिलें होतें. मीं पुस्तक मिटलें तेव्हां तो सहज म्हणाला, "गुरुजी, आपल्या वडगांवचं असं पुस्तक आहे का हो?"

छत्तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या माणसावर निरुत्तर होण्याची पाळी फारशी येत नाहीं. त्या दिवशीं ती आली. आज वाचकांपुढें जें मांडावयाचें आहे तें त्या प्रश्नाचें उशिरा सुचलेलें उत्तर आहे. आणि त्या उत्तराशीं माझ्या हातून घडलेला एक प्रमाद बांधलेला आहे, तोही सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. संस्कृतांत 'ग्राम' ह्या शब्दाचा मूळ अर्थ जागा असा नसून समूह असा आहे. वेदकाळीं गुरेंढोरें घेऊन एकत्र हिंडणाऱ्या लोकांच्या जथ्यास ग्राम म्हणत. असे दोन जथे समोरासमोर आले म्हणजे जें होई तो संग्राम. 'गुणग्राम', 'इंद्रियग्राम' ह्या समासांत तो जुना अर्थ अद्यापि जिवंत आहे. पुढें जथा एके ठिकाणीं स्थिरावला आणि त्याचें नांव जागेस चिकटलें. तात्पर्य, गांवाचा इतिहास हा वेशीचा, पारांचा किंवा देवळाच्या शिखराचा नव्हे. त्या जागीं कोण आलें, कोण टिकलें आणि कोण उठून गेलें, ह्याचा तो वृत्तांत आहे.

आमचें वडगांव निंबाळकर हें बारामती तालुक्यांत, नीरा-बारामती रस्त्यावर आहे. वडगांवांना महाराष्ट्रांत तोटा नाहीं. एकट्या पुणें जिल्ह्यांत वडगांव मावळ, वडगांव शेरी, वडगांव रासाई, वडगांव काशिंबेग अशीं कितीतरी सांपडतील. जेथें वड वाढला तेथें लोकांनीं सावली धरली आणि गांव वसलें. मग एका वडगांवास दुसऱ्यापासून ओळखण्यासाठीं मागें उपपद लागलें. आमच्या गांवास तें निंबाळकरांचें लागलें. नीरा नदी ओलांडली कीं फलटण तालुका लागतो, आणि निंबाळकर हें त्या फलटणच्या नाईक घराण्याचें नांव. तें नांवही मूळचें एका गांवाचेंच, फलटणनजीकच्या निंबळकाचें. शिवछत्रपतींच्या पत्नी सईबाई ह्या ह्याच घराण्यांतल्या. म्हणजे आमच्या गांवाच्या नांवांत एक झाड आहे आणि नदीपलीकडचें एक गांव आहे. नुसत्या नांवावरूनच कळावें कीं एकटें, तुटक असें गांव कोठेंच नसतें.

आतां वस्तीची भरती-ओहोटी पाहूं. आमचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. पाऊस आला तर आला. पेशवाई बुडून १८१८ मध्यें इंग्रजी अंमल बसला, आणि प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें जमिनीची पाहणी करून सारा ठरविला. १८३० च्या सुमारास तो शेजारच्या इंदापूर भागांत लागू झाला. हिशोब कागदावर चोख होता. शेतकऱ्यास मात्र तो झेपेना. कित्येक कुळें जमिनी टाकून निजामाच्या हद्दींत निघून गेलीं. पुढें गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं त्याच इंदापुरांत नव्यानें मोजणी केली आणि १८३६ मध्यें कमी साऱ्याची, तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी सुरू केली, तेव्हां पडीक जमिनी पुनः लागवडीस आल्या. मुंबई इलाख्याची पुढील सारी जमाबंदी ह्याच नमुन्यावर झाली. ओसाड पडलेल्या घरांनीं सरकारास अशा रीतीनें शहाणपण शिकविलें.

तीस वर्षांची मुदत संपली, सारा वाढला, कर्ज वाढलें. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथील बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें फोडलीं आणि कर्जाचे कागद रस्त्यावर आणून जाळले. हें सुपें आज आमच्याच तालुक्यांत आहे. दक्षिणेंतील दंगे म्हणून इतिहासांत जी गोष्ट शिकवितात तिचा आरंभ येथें झाला. त्यापाठोपाठ १८७६ पासून मोठा दुष्काळ पडला. पुणें जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्यें ९ लाख २१ हजार होती. १८८१ मध्यें ती ९ लाखांवर आली. १८९१ मध्यें १० लाख ६७ हजार झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत दुष्काळ व प्लेग ह्यांच्या माऱ्यानें १९०१ मध्यें पुनः ९ लाख ९५ हजारांपर्यंत खालीं आली. २०११ मध्यें हाच आंकडा ९४ लाखांवर गेला आहे. लोकसंख्या सदैव वाढतच असते अशी आपली समजूत असते. आपल्या पणज्यांना ती ओसरतांनाही पाहावी लागली.

आमच्या पट्ट्यांत जें पारडें फिरलें तें पाण्यानें फिरविलें. दुष्काळाच्या धड्यावरून नीरेचा डावा कालवा निघाला आणि १८८५ च्या सुमारास पुरंदर, बारामती व इंदापूर ह्या बाजूंच्या शेतांतून पाणी खेळूं लागलें. पुढें भाटघर येथें मोठें लॉइड धरण बांधून झालें; १९२८ मध्यें त्याचा उद्घाटनसमारंभ झाला. कालवा उतारानें वाहतो, म्हणून त्याच्या खालच्या अंगास, नदीकडे, बागाईत झालें. वरच्या अंगास जिराईत तें जिराईतच राहिलें. एकाच तालुक्यांत एकीकडे ऊंस डोलतो आणि एकीकडे बाजरीस पावसाची वाट पाहावी लागते, त्याचें कारण ही पाण्याची एक रेघ होय. रेघेच्या खालच्या गांवांत माणसें येऊं लागलीं. सासवडकडील माळी बागाईतदार पाण्याच्या मागोमाग पूर्वेकडे सरकले आणि १९३० नंतर माळीनगरास त्यांनीं स्वतःचा साखर कारखाना उभारला. स्वातंत्र्यानंतर माळेगांव आणि सोमेश्वर हे सहकारी कारखाने निघाले आणि आमचें गांव दोहोंच्या मधल्या ऊंसाच्या पट्ट्यांत आलें.

ह्याच काळांत एक ओघ उलटही वाहत होता, आणि तो ह्या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरावरून गेलेला आहे. शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं, कोर्टकचेरीसाठीं ब्राह्मण कुटुंबें पुण्यास निघालीं. १९४८ च्या जाळपोळीनंतर आणखी निघालीं. १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें खालसा झालीं, १ एप्रिल १९५७ रोजीं कुळें जमिनीचीं मालक झालीं, आणि गांवाशीं असलेला कागदोपत्रींचा संबंध संपला. राहिला तो कुलदैवताच्या यात्रेपुरता.

मीं स्वतः तीन शिरगणत्यांत गणक म्हणून काम केलें आहे. १९९१, २००१ आणि २०११. आमच्याकडे ती फेब्रुवारींत होते आणि १ मार्च हा तिचा ठरलेला क्षण. त्या दिवसांत कारखान्यांचीं धुराडीं पेटलेलीं असतात आणि बीड, नगरकडून आलेले ऊंसतोड मजूर पाचटाच्या कोप्या घालून राहिलेले असतात. गणनेच्या सबंध मुदतींत जो आपल्या घरीं नसतो तो जेथें सांपडेल तेथें मोजावा, असा नियम. म्हणून दिवे लागणीच्या सुमारास मी कोप्यांवर जाई. २०११ सालीं एका कोपींत आठ दिवसांचें बाळ होतें. नांव विचारलें तर आई म्हणाली, "अजून ठेवलं न्हाई. गावाकडं गेल्यावर ठेवू." मीं 'बाळ' असें लिहिलें. गुढीपाडव्याच्या मागेंपुढें कोप्या मोडल्या, बैलगाड्या निघून गेल्या. परंतु आमच्या बाजूच्या आंकड्यांत तें बाळ पुढील शिरगणतीपर्यंत राहिलें आणि त्याच्या स्वतःच्या गांवच्या आंकड्यांत तें नव्हतें. आंकडा खोटा नव्हता. पण त्याच्यापाशीं नांव नव्हतें.

येथें अमेरिकेंतील त्या पुस्तकाचें रहस्य उलगडतें. त्या देशांत १७९० पासून दर दहा वर्षांनीं माणसें मोजतात, आणि मोजणीचीं मूळ पत्रकें बहात्तर वर्षांनीं सर्वांस पाहावयास मोकळीं होतात. १९५० चीं पत्रकें २०२२ मध्यें खुलीं झालीं. कोणाच्या घरांत कोण राहत होतें, वय काय, धंदा काय, हें खेड्यांतील एखादा निवृत्त शिक्षक घरबसल्या वाचूं शकतो. शिवाय त्यांच्याकडे बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, थडग्यांवर कोरलेलीं नांवें आहेत. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानें व्यक्तीची माहिती गुप्त ठेविली आहे. सरकार गांवाचा आंकडा देतें, नांव देत नाहीं. आणि आपले मृत तर अग्नींत जातात व त्यांची रक्षा नदींत. दगडावर त्यांची खूण राहत नाहीं.

मग आपलीं नांवें आहेत तरी कोठें? तीं आहेत, आणि अनेक ठिकाणीं आहेत. नाशिक, त्र्यंबक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहेत. कोतवाल बुकांतील जन्ममृत्यूच्या नोंदींत आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरांत आहेत. आणि सर्वांत अधिक, कुळकर्ण्याच्या दप्तरांत आहेत. कोणाचें शेत किती, सारा किती, बलुतें कोणास किती, कोणत्या सालीं कोण परागंदा झाला, कोणाची भाऊबंदकी कशी मिटली, हें सारें मोडींत लिहून, कापडाच्या रुमालांत बांधून, माळ्यावर ठेवलेलें असे. खानेसुमारी हा शब्दच त्या दप्तरांतला. वि. का. राजवाडे असल्याच रुमालांसाठीं गांवोगांव पायपीट करीत हिंडले आणि १८९८ पासून त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापण्यास आरंभ केला. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तें ह्याच ध्यासांतून.

माझ्या घरींही असे रुमाल होते. पंधरासोळा तरी असावेत. वडील वारल्यानंतर वाड्याची मागली पडवी पडली आणि ते ओले झाले. वाळवी लागली. मोडी मला वाचतां येत नव्हती. संस्कृताचा अभिमान होता, अमरकोश पाठ होता, आणि पणजोबांचें अक्षर मात्र मला परकें होतें. एका दिवाळींत लांकडें ओलीं निघालीं; अभ्यंगस्नानाचें पाणी तापेना. तेव्हां ते रुमाल सोडून मीं ते कागद एकामागून एक बंबांत घातले. जुना कागद चांगला जळतो. आईनें एकदां विचारलें, "अरे, कामाचे नाहींत ना?" मीं म्हटलें, "वतनें गेलीं, आतां कशाचें काम?"

त्यानंतर चाळीस वर्षांच्या आंतच त्याचें उत्तर मिळालें. २०२३ मध्यें जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि सरकारी कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांस हांका येऊं लागल्या. त्या दिवसांत एका संध्याकाळीं गांवांतील एक शेतकरी, माझाच विद्यार्थी, ओट्यावर येऊन बसला. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग तो हळूच म्हणाला, "गुर्जी, तुमच्या वाड्यात जुनं दप्तर हुतं न्हवं? आमच्या पणज्याचं नाव घावंल का त्यात? पोराच्या ॲडमिशनला लागतंय."

मीं खरें तें सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला, आणि माझ्याच मनाला बरें वाटावें म्हणून म्हणाला, "असू द्या गुर्जी. वाळवी कुणाला सोडती?" पाया पडून तो गेला. त्याच्या नम्रतेनें मला जितकें लाजविलें तितकें रागानें लाजविलें नसतें. ते कागद माझ्या घरांत होते म्हणून मी त्यांस माझे समजलों. वस्तुतः त्यांत माझ्या घराण्याचें नांव वर्षाअखेरीच्या सहीपुरतें असेल. बाकी सारीं नांवें दुसऱ्यांचीं होतीं.

येथें दुसरी बाजूही मनांत धरिली पाहिजे. ज्या लेखणीनें गांवचीं नांवें लिहिलीं तिचें सर्वच लेखन निर्मळ होतें असें नाहीं. जोतीराव फुले ह्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत कुळकर्ण्यांवर जे कोरडे ओढले ते हवेंत ओढले नाहींत. सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कागद जाळले ते त्या कागदांनीं त्यांचा संसार जाळला होता म्हणून. मीं कागद जाळले ते केवळ आळसानें. दोन्ही अग्नि दिसावयास सारखे. दोहोंचा न्याय एक नव्हे. जी लेखणी आपल्या पूर्वजांनीं चालविली तिचा हिशोब दाखविणें हें आपल्यावर राहिलेलें ऋण आहे. त्यांत आपल्या पूर्वजांची लबाडी निघाली तर निघो. शेजाऱ्याचा पणजोबा त्यांत सांपडत असेल तर तो त्याला मिळाला पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं मी शाळेंत गेलों. आमची शाळा पूर्वी लोकल बोर्डाची, १९६२ पासून जिल्हा परिषदेची. सध्यांच्या मुख्याध्यापकांनीं कपाट उघडून दिलें. जीं जनरल रजिस्टरें मीं वर्षानुवर्षें भरलीं त्यांस मीं पहिल्यानेंच इतिहास म्हणून हात लावला. त्यांत एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचें कारण'. सबंध गांव त्या रकान्यांतून चालत गेलेलें दिसतें. 'वडिलांची बदली.' 'गुरें राखण्यास.' 'पालक ऊंसतोडीस गेले.' 'पुण्यास गेले.' मुलींच्या नांवांपुढें पूर्वी वारंवार, 'लग्न झालें.' कांहीं नोंदी माझ्याच अक्षरांतल्या. त्या लिहितांना माझें मन कोठें होतें कोण जाणे! त्या शेतकऱ्याचा पणजा मला तेथें सांपडला नाहीं. त्याचा आजा सांपडला, तिसरींतून शेतकामास गेलेला. तेवढा उतारा घेऊन मी त्याच्या घरीं गेलों. त्याच्या म्हाताऱ्या आईनें तो कागद वाचतां येत नसूनही कपाळास लावला.

ह्या एका नोंदीवरून मला आणखी एक गोष्ट उमगली. दप्तरांत काय नि रजिस्टरांत काय, सुना कोठेंच नाहींत. गांवांतील लग्न झालेल्या बहुतेक बायका दुसऱ्या गांवीं जन्मलेल्या. त्यांचें येणें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. त्या म्हातारीस मीं माहेर विचारलें, तर तिनें आपलें, सासूचें आणि सासूच्या सासूचेंही माहेर सांगितलें. नदीपलीकडचीं तीन गांवें निघालीं. कोणत्याही कुळकर्ण्याच्या कागदांत ही वाट मिळाली नसती.

खेड्याचें असें चरित्र लिहितां येतें काय, अशी शंका कोणास येईल. आपल्याच जिल्ह्यांत तें लिहिलें गेलें आहे. नगर रस्त्यावरील लोणीकंद गांवाची पाहणी टॉमस कोट्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें पेशवाई बुडतांच केली आणि ती १८२३ मध्यें छापली गेली. सव्वाशें वर्षांनंतर त्याच गांवीं डॉ. गो. स. घुर्ये ह्यांनीं पुनः पाहणी केली आणि १९६० मध्यें ग्रंथ लिहिला. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन ह्यांनीं १९१७ मध्यें पिंपळें सौदागर ह्या खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ मध्यें तेथें एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हें त्यांनीं दाखविलें. जुने कागद जपलेले होते म्हणूनच १७७१ चा आंकडा त्यांना मिळाला. त्या पिंपळें सौदागरांत आज बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि तेथें शेतें होतीं हें पुस्तकावरूनच कळावयाचें. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांचें १९१५ चें 'गांवगाडा' तर मराठींतच आहे.

२०२१ ची शिरगणती लांबली; आतां १ मार्च २०२७ हा दिवस तिच्यासाठीं ठरविण्यांत आला आहे. ह्या वेळीं गणक कागद घेऊन येणार नाहीं. मोबाईलवर नोंद करील. काम लवकर होईल, चुका कमी होतील, ह्यांत संशय नाहीं. त्याच वर्षीं आपणही आपलें एक काम करावें, एवढीच माझी विनंती.

ज्यांच्या घरीं माळ्यावर रुमाल असतील त्यांनीं ते ह्या सुटींत खालीं काढावे. वाचतां येत नाहीं म्हणून टाकूं नयेत. मोडीचे वर्ग निघतात, वाचणारे तरुण मिळतात. नाहींतर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस विचारावें. प्रत्येक पानाची छबी मोबाईलवर घ्यावी आणि तिची एक प्रत ज्या गांवचे ते कागद त्या गांवच्या ग्रामपंचायतीस द्यावी. ज्यांच्याकडे कागद नाहींत त्यांनीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांपाशीं वही घेऊन बसावें आणि माहेरांची यादी करावी. माझी वही चालू आहे. वडगांवांतील घरें मी एकेक करून हिंडतों आणि तीनच प्रश्न विचारतों: कोठून आलांत, केव्हां आलांत, कोण निघून गेलें? आजवर एकसष्ट घरें झालीं.

मूळ रुमाल गेले ते गेलेच. त्यांची भरपाई ह्या वहीनें होत नाहीं, हें मी जाणतों. अमेरिकेंतील माझ्या विद्यार्थ्यास मात्र मीं पत्र घातलें आहे कीं, पुस्तक नाहीं, वही आहे. आणि तिच्या बासष्टाव्या पानावर तुझ्या घराची जागा मोकळी ठेविली आहे. तुझ्या आजीचें माहेर कोणतें, तें आईस विचारून कळव.